सगुणाचा शंख

सगुणा कधी एका जागी उभी राहून बोलली नाही. बोलतानाही तिचे पाय चालू आणि नजर वाळूवर.

पहिल्याच भेटीत तिने माझ्या हातावर फटका मारला. तारापूरला मोठं बांधकाम सुरू झालं, त्या सुमारास मी चिंचणीच्या शाळेत विज्ञान शिकवायला आलो होतो. ओहोटीला खडकांत तपकिरी नक्षीचा निमुळता शंख दिसला, तो मी खिशात टाकणार होतो.

"जिता हाय तो, मास्तर. डसतो. माजा घरवाला नेला त्यानं."

पुढचं मासळी विकणाऱ्या बायकांकडून कळलं. आठ वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने असाच शंख मुठीत धरून घरी आणला होता. पालघरच्या दवाखान्यात पोचण्याआधीच तो गेला. हातावर जखम टाचणी टोचल्याएवढी. शंखाने माणूस मरतो हे कुणाला पटेना. सासू म्हणाली, हिनेच जेवणातून काही घातलं. दोघी राहत एकाच घरात, पण सासू तिच्या हातचं पाणी घेत नसे. सगुणा मात्र रोज ओहोटीला किनारा पालथा घालायची. बांधकामावरचे मजूर शिंपले वेचायला आले, की मोडक्या हिंदीत बजावायची, "मत उठाव, मरेगा." ते हसायचे.

मग एका ओहोटीला मी तसाच जिवंत शंख चिमट्याने उचलून शाळेत आणला आणि समुद्राचं पाणी व वाळू घातलेल्या काचेच्या बरणीत ठेवला. एका रविवारी स्वतः जाऊन सगुणाला आणि तिच्या सासूला बोलावून आणलं. म्हातारी बाकावर बसली. मी बरणीत बोटभर मासा सोडला.

बराच वेळ काही घडेना. सगुणा वर्गात येरझाऱ्या घालत होती. मग वाळूतून बारीक सोंड बाहेर आली आणि माशाला टेकली. मासा एकदा थरथरला, ताठ झाला. शंखातल्या जिवाने नरसाळ्यासारखं तोंड पसरून त्याला आत ओढून घेतलं.

म्हातारी बरणीकडे पाहतच राहिली. मग सुनेला म्हणाली, "त्या दिशी काय झालतं?"

आठ वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

"आदी हात बधिर झाला," सगुणा म्हणाली. "तो हसला. बोलला, माजा हात मलाच कलत नाय."

म्हातारी बाकावर थोडी सरकली, शेजारी जागा केली. "मंग?"

मी बरणीवर झाकण ठेवून बाहेर आलो. दिवस कलेपर्यंत दोघी आतच होत्या.