पाटीचा वाटा

थोरल्याने वाटे करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं, ही आमच्याकडची रीत. थोरल्याने लबाडी करू नये म्हणून असेल. आमच्या बाबांनी लबाडी केली नाही, अक्कल तेवढी गहाण टाकली.

कल्याणच्या बाजारात बाबा आणि धाकटे काका यांचं मिळून मसाल्याचं दुकान होतं. मसाला आई करायची. मिरच्या भाजणं, कुटणं, चाळणं सगळं घरी, आणि हाताखाली मी. बायका थेट खडवलीहून गाडीने यायच्या. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा मालकाने जागा परत मागितली. भावाभावांचं तसंही पटत नव्हतं. ठरलं, वाटणी करू.

बाबांनी ओटीवर वाटे मांडले. एकीकडे मिरची-धण्यांची पोती, तराजू, पत्र्याचे डबे. दुसरीकडे दोन बाकडी, गल्ल्याची पेटी, थोडी हळद. तो वाटा फारच केविलवाणा दिसायला लागला, म्हणून त्यांनी आजोबांच्या नावाची दुकानाची पाटी आणून त्यावर ठेवली. हो, भाजीवाला वर कोथिंबीर टाकतो ना, तशी! काकांनी जराही न घुटमळता तोच वाटा उचलला.

ते गेल्यावर आई पदर तोंडाला लावून हसली. "पाटी चाटणार आहेत का भावजी? हात तर माझेच ना!" बाबाही हसले. मीसुद्धा.

बाबांनी नव्या नावाने दुकान मांडलं. काकांनी चार दुकानं पलीकडे जागा घेतली, पाटी टांगली आणि कुणाकडून तरी मसाला कुटून घेतला. नुसता लाल भुसा होता तो. पण गिऱ्हाईक पाटी बघून तिकडेच वळायचं. आमच्याकडे आलंच कुणी, तर चिमूट जिभेवर ठेवून म्हणायचं, "त्या दुकानाची सर नाही हो याला." वर्षाच्या आत आमच्या फळ्या लागल्या त्या कायमच्या.

मग काका घरी आले. पायावर पाय टाकून बसले. "वहिनी, आमचा मसाला तुम्हीच करा की. शेरामागे मजुरी देतो. घरातला पैसा घरात." बाबांनी मान वर केली नाही. आई हो म्हणाली. न म्हणून सांगते कुणाला? दादाच्या कॉलेजची फी भरायची होती.

दादा कॉमर्सला होता. मोठमोठ्याने पाठ करायचा. एकदा बाबांनी विचारलं, "गुडविल म्हणजे रे काय?" "दुकानाचं नाव, बाबा. त्याची पत. हाती धरता येत नाही, पण वाटणीत त्याचीही किंमत धरायची असते." बाबांनी चपला घातल्या आणि ते बाहेर गेले. मला त्यांची कीव यायला हवी होती. मला संताप आला, अजूनही येतो. तो धडा आमच्या घरात दोन वर्षं उशिरा आला.

त्याच उन्हाळ्यात खडवलीची एक म्हातारी गाडीला वेळ होता म्हणून आमच्या ओटीवर टेकली. बाबांच्या दुकानात एक-दोनदा येऊन गेलेली. आई मिरच्या भाजत होती.

"दुकान बुडालं तरी अजून मसाला करता व्हय?" म्हातारीने काकांच्या दुकानातली पुडी सोडली आणि आईच्या तळहातावर चिमूटभर मसाला ठेवला. "चाखून बघा, बाय. याला म्हणतात मसाला. मधे बिघडलेला, आता परत पहिल्यासारखा झालाय. तुमच्याकडे हा हात नव्हता."

आईने चाखला. "चांगला आहे," म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "अहो, हाच तो हात! तुमच्यासमोर बसलाय!"

म्हातारी खळखळून हसली. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "लेकीला आईचंच गोड लागणार गं." पुडी नीट बांधून तिने कनवटीला खोचली आणि स्टेशनकडे निघाली.

मी आईकडे बघितलं. तिने तळहात पदराला पुसला. "मिरच्या करपतायत," म्हणाली, "उलथनं दे."