सिमचं कुलूप

माझी मुलगी पाथर्डीला वसतिगृहात शिकते. रविवारी दुपारी तिथल्या बाईंच्या फोनवरून ती मला फोन करायची, आठवड्यातून तेवढाच. आणि नेमकं त्याच वेळी धाकट्या दिराचं नेट संपायचं. मग माझं सिम काढून स्वतःच्या फोनात घालायचा. पोरीचा फोन आला की मला द्यायचा, पण डोक्यावर उभा. ‘आटपा वयनी.’ मी नाही आटपलं की सरळ कट. नवरा बारा महिने ट्रकवर, त्याला काय सांगणार कपाळ.

मी फोनला पॅटर्न लावला. दीर हसला. त्याला फोन हवाच कुठं होता? सिम काढलं नि गेला.

माझं डोकं सणकलं. म्हटलं, कुलूप आता सिमलाच. फोनात ‘सिम टूलकिट’ म्हणून काहीतरी होतं, ते उघडलं. आत भविष्य, क्रिकेट, विनोद. माझं भविष्य सांगणारे हे कोण टिकोजीराव? बंद केलं. मग सेटिंग चाळत बसले आणि सुरक्षेच्या खाली सापडलं, सिम लॉक. आधीचा पिन कंपनीला फोन करून विचारला आणि माझा नवा घातला. आता सिम कुणाच्याही फोनात जाऊ दे, पिन मागणारच.

रविवारी दिरानं तीनदा चुकीचा पिन दाबला. सिम ठप्प. कंपनीला फोन लावला, तर ते म्हणाले, सिम ज्यांच्या नावावर आहे त्यांना फोन द्या. सिम माझ्या आधारवर. सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. दिरानं मुकाट्यानं फोन पुढं केला.

‘आधी सिम माझ्या फोनात घाला, भाऊजी.’

‘लई माजलीस गं,’ सासूबाई म्हणाल्या.

‘व्हय,’ मी म्हणाले.

त्यानं घातलं. मग मी कंपनीकडून कुलूप उघडायचा नंबर घेतला आणि त्याच्याकडं पाठ करून पुन्हा नवा पिन टाकला.

थोड्या वेळानं पोरीचा फोन आला. एका दमात तिनं सगळं सांगून टाकलं, अभ्यास, जेवण, मैत्रीण.

‘दमानं बोल,’ मी म्हणाले. ‘आता कोनी कट करत न्हाई.’

ती म्हणाली, ‘आई, मागच्या रविवारी सांगायचं राह्यलं. मला लई ताप हुता. तुला बोलवायला फोन केल्ता.’

दीर समोरच होता. मी स्पीकर चालू केला.

‘पुन्हा सांग,’ म्हटलं. ‘मोठ्यानं सांग.’