कुशल माणसाला सहज सुचणारा दिवा

मला राग आला की मी स्कूटर पुसतो. दिघीतल्या आमच्या सोसायटीत ही गोष्ट जाहीर आहे. सकाळी फडकं घेऊन मी खाली उतरलो की वॉचमन आपली खुर्ची चार हात लांब सरकवतो. पेटंट कार्यालयाचा परीक्षण अहवाल आला त्या दिवशी स्कूटर पुसून झाली, तरी राग उरलाच होता, म्हणून मी शेजाऱ्यांची मोटरसायकलही पुसली. ते गॅलरीतून बघत होते. मग आत गेले.

अहवाल नऊ पानांचा, इंग्रजीत. मी केलेला दिवा चार जुन्या गोष्टींशी ताडून पाहिला होता. निष्कर्ष असा की यात नवं काही नाही. आणि जे थोडं वेगळं वाटतं, ते 'या क्षेत्रातल्या कुशल माणसाला सहज सुचण्यासारखं' आहे. हे वाक्य मी मनात वाचलं, मग मोठ्याने वाचलं, मग बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून मराठीत वाचून दाखवलं. चाकणच्या कंपनीत सव्वीस वर्षं टूलरूममध्ये काढलीत मी. पत्र्याला आकार देणारी डाय माझ्या हातची असेल तर प्रेसवरची माणसं पहिला तुकडा तपासायलाही थांबत नाहीत. म्हणजे या क्षेत्रातला कुशल माणूस मीच झालो की! आणि मला हे सहज वगैरे काही सुचलेलं नाही. तीन वर्षं लागली. दोन पराती आणि दुधाच्या कॅनचं एक झाकण त्यात गेलं.

दिवा काय होता ते सांगतो. माझी बायको कुरुळीकडच्या एका कंपनीत गाड्यांच्या दारांची तपासणी करते. रंग दिलेलं दार टेबलावर येतं, त्यावर कुठे पोचा आहे का, रंगात कण अडकलाय का, हे बघायचं. दिवसभर. डोक्यावर ट्यूबलाइट, आणि ती प्रत्येक दारात पुन्हा दिसणार. घरी आली की ती ओला रुमाल डोळ्यांवर ठेवून अर्धा तास सोफ्यावर बसायची आणि घरात कुणी भांडं वाजवायचं नाही. मी म्हटलं, आपण एवढे मोठे टूलरूमवाले, एक दिवा करता येत नाही का? एलईडीची पट्टी दाराकडे न रोखता उलटी फिरवली. तिच्या मागे ॲल्युमिनियमचा वळवलेला पत्रा. उजेड आधी पत्र्यावर जातो आणि तिथून दारावर उतरतो, त्यामुळे पट्टी डोळ्यात घुसत नाही. पत्र्याचा बाक आणि कोन जमवायलाच तीन वर्षं गेली.

पेटंट कशाला, असं घरात सगळ्यांनी विचारलं. खरं उत्तर मी कुणाला दिलं नाही, इथे देतो. माझ्या हातून इतक्या वर्षांत किती वस्तू गेल्या त्याचा हिशोब नाही, पण प्रत्येकीच्या ड्रॉइंगवर खालच्या कोपऱ्यात दुसऱ्याच कुणाचं तरी नाव असायचं. मी आपला मापात बसवून देणारा. एका तरी कागदावर त्या कोपऱ्यात माझं नाव असावं, एवढंच होतं. पन्नाशीच्या माणसाने हे बोलून दाखवलं तर बरं दिसत नाही.

तर अहवाल घेऊन मी पिंपरीला गेलो. पेटंटचं काम बघणाऱ्या मॅडमचं तिथे ऑफिस आहे. माझ्या मुलीच्या वयाच्या. मला काका म्हणतात, आणि वाईट बातमी सांगायची असली की दोनदा म्हणतात. त्यांनी चार जुन्या गोष्टींपैकी पहिल्या तीन समजावल्या. एक कुण्या जर्मन माणसाने दातांच्या डॉक्टरांसाठी केलेला दिवा, एक अमेरिकेतला फोटो काढणाऱ्यांचा, एक बोटीवरचा. तिन्हींत दिवा उलटा आणि मागे पत्रा. मी तिथेच भांडायला लागलो. दात बघणाऱ्याला गाडीच्या दाराशी काय देणंघेणं? आणि त्या जर्मनाचं मी तोंड तरी पाहिलंय का?

मॅडम शांतपणे म्हणाल्या की कायद्यातला तो कुशल माणूस म्हणजे मी नव्हेच. तो कल्पनेतला असतो. जगातलं जुनं सगळं त्याला तोंडपाठ असतं, पण स्वतःहून त्याला नवीन काही सुचत नाही. मी म्हटलं, हा आमचा प्लांट मॅनेजर झाला. त्या हसल्या. मग हसणं थांबवून त्यांनी चौथा कागद माझ्यापुढे सरकवला.

"काका, पहिल्या तिघांशी आपण भांडू शकतो, काका. पण याच्याशी कसं भांडायचं ते तुम्हीच सांगा."

कागदावर माझाच फोटो होता. खांद्यावर शाल, हातात नारळ.

याला थोडी पार्श्वभूमी आहे. आम्ही मूळचे मराठवाड्यातले. पोटापाण्यासाठी इकडे आलेल्या आमच्या जिल्ह्यातल्या लोकांचं एक मंडळ आहे. दरवर्षी भोसरीत हॉल घेऊन दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव होतो, आणि त्याच मांडवात एखाद्या मोठ्या माणसाचाही उरकून घेतात. एका वर्षी माझी पाळी लागली. मंडळ स्मरणिका काढतं, तिच्यात सत्कारमूर्तीने दोन पानं लिहायची असतात. बाकीचे लिहितात की आईवडिलांचे आशीर्वाद, कष्ट, चिकाटी. मी दिवा लिहिला. आणि टूलरूमच्या माणसाला माप टाकल्याशिवाय चित्र काढता येत नाही. मी बाक लिहिला, कोन लिहिला, पट्टीपासून पत्र्याचं अंतर लिहिलं, पत्रा किती जाडीचा घ्यायचा तेही लिहिलं. वाचून कुणालाही करता यावा अशा बेताने. आणि हे भोळेपणाने नाही हं, हुशारीने केलं. माझी समजूत अशी की एकदा तारखेसकट छापून आलं म्हणजे नोंद झाली. उद्या कुणी म्हणालं दिवा माझा, तर स्मरणिका तोंडावर फेकता येईल. पेटंटचा अर्ज त्यानंतर दीड वर्षाने केला. घाई कशाला, पुरावा तर कपाटात आहे.

पुरावा पक्काच होता. फक्त माझ्याविरुद्ध होता. अर्ज करायच्या आधी जे जगाला सांगितलं ते जुनं, मग सांगणारा तुम्ही स्वतः का असेना. पेटंट कार्यालयातल्या साहेबांनी बहुतेक माझं नाव टाकून शोधलं असणार, आणि मंडळाच्या वेबसाइटवरची स्मरणिका वर आली.

"खरं सांगू का," मॅडम म्हणाल्या, "आपल्या अर्जापेक्षा स्मरणिकेतलं वर्णन चांगलं आहे."

त्या संध्याकाळी मी मंडळाच्या अध्यक्षांच्या घरी दापोडीला गेलो आणि त्यांच्या दारात आवाज चढवला. स्मरणिका नेटवर टाकायची अक्कल कुणाची? कुणाला विचारून टाकली? आधी ती काढा. अध्यक्ष गरीब माणूस, बँकेतून निवृत्त झालेला. त्यांनी चष्मा लावला, मोबाइल काढला आणि माझाच मेसेज मला दाखवला. मी लिहिलं होतं की स्मरणिका वेबसाइटवर घ्यावी, म्हणजे बंगळुरूला असलेल्या मुलीला वाचता येईल. खाली हात जोडल्याची तीन चित्रं. अध्यक्ष म्हणाले, "भाऊ, तुम्ही एकटेच होतात तसं सांगणारे. बाकी कुणाला पडलेली नव्हती." मी कोकम सरबत पिऊन परत आलो. रागाच्या भरात त्यांच्या घरी चप्पल बदलून आलो, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

उत्तर द्यायला मुदत होती. मॅडमनी एकच काम सांगितलं: अर्जात आहे पण स्मरणिकेत नाही, असं काही सापडतंय का बघा. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून पट्टीने एकेक ओळ ताडली. परीक्षकाने माझ्याशी जे केलं तेच मी माझ्याशी करत होतो, आणि सांगतो, परीक्षक म्हणून मी त्याच्याहून दुष्ट निघालो. सगळं स्मरणिकेत होतं. आपलं नवं काय ते अर्जात एकेक दावा मांडून सांगायचं असतं; त्यांतल्या आठव्या दाव्यातली एक ओळ तेवढी नव्हती: पत्रा गुळगुळीत नसून पट्टीला आडव्या दिशेने एकसारखा घासलेला असतो.

ती ओळ अर्जात आली कारण मॅडमनी दिवा हातात घेऊन पत्र्यावरून बोट फिरवलं होतं आणि विचारलं होतं, हे ओरखडे मुद्दाम आहेत का. मी म्हटलं होतं, हो, मुद्दाम.

मुद्दाम होते. मी केलेले नव्हते.

झालं होतं असं. पहिला दिवा तयार झाला तेव्हा मी पत्रा तीन दिवस बफ मारून आरशासारखा केला होता. बायकोने तो कंपनीत आपल्या टेबलावर लावून बघितला आणि परत आणला. म्हणाली, पत्र्यात एलईडीचे सगळे ठिपके दिसतात आणि तेच ठिपके दारात उतरतात. पोचा कुठला आणि ठिपका कुठला, कळत नाही. मी तिला पत्रा नीट लावला नसशील असं सुनावलं आणि अंघोळीला गेलो. बाहेर येऊन बघतो तर ती मोरीत बसून तारेच्या घासणीने माझा आरसा घासत होती. आडवा, एकाच दिशेने, न चुकता. मी काय काय बोललो ते लिहीत नाही. ती घासायची थांबली नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीतून आली आणि म्हणाली की ठिपके गेले, दारावर आता एकच सरळ पट्टा पडतो, आणि पोचा असला की पट्टा तिथे वाकतो. त्या दिवशी पहिल्यांदा ती सोफ्यावर न बसता थेट भाजी निवडायला बसली.

आणि मी स्मरणिकेत ही गोष्ट लिहिली नाही. विसरलो नव्हतो. मापं लिहिली, जाडी लिहिली, आणि घासणीपाशी आल्यावर पेन थांबलं. सव्वीस वर्षांच्या टूलरूमवाल्याचा दिवा शेवटी भांडी घासायच्या तारेने लागला, हे शाल पांघरून कसं लिहायचं?

मी तिला सगळं सांगितलं. आठवा दावा तेवढा वाचवण्यासारखा आहे, तेवढाच धरून उत्तर देऊ, असं मी अगदी उत्साहाने सांगत होतो. ती कणीक मळत होती. हात न थांबवता तिने म्हणून दाखवलं:

"'या कामी माझ्या सौभाग्यवतीने वेळोवेळी चहा करून मोलाची साथ दिली.'"

स्मरणिकेतलं शेवटचं वाक्य. माझंच. तिला पाठ होतं. पाच वर्षं पाठ होतं, आणि एकदाही बोलली नव्हती.

मी म्हटलं, अगं, ते तसं लिहायची पद्धत असते.

"असते ना. मग आता पद्धतीप्रमाणे त्या साहेबाला चहा पाजा." मग तिने परात बाजूला ढकलली. "जे तुमचं होतं ते तुम्ही छापून गावभर वाटलंत. आता उरलंय ते कुणाचं, हो?"

मला भयंकर राग आला. बायकोचा, मॅडमचा, त्या जर्मनाचा. खाली गेलो, फडकं स्कूटरवर टाकलं आणि तसाच उभा राहिलो. तिच्या बोलण्यात खोट काढायला मी बराच वेळ घालवला. मापाचा माणूस आहे मी. एक दशांश मिलिमीटरचीही सापडली नाही.

मॅडमना फोन करून खरं सांगितलं. त्या म्हणाल्या की संशोधकांत तिचं नाव घालायलाच लागेल, त्यासाठी वेगळा अर्ज करू. दिवा तुमचा आणि घासणं त्यांचं, तेव्हा नावं दोन्ही राहतील. मी फोन स्पीकरवर ठेवला होता. बायको म्हणाली, "राहू देत दोन्ही. माझं वर लिहा."

उत्तर गेल्यावर सुनावणी लागली, ती व्हिडिओवर झाली, आमच्या जेवणाच्या टेबलावर. बायको पहिली पाळी करून नुकतीच आली होती, अंगात कंपनीचा शर्ट तसाच. मी इस्त्रीच्या कपड्यांत मध्यभागी. इतके महिने मी ज्यांना मनातल्या मनात काय काय म्हणत होतो, ते अधिकारी सभ्य गृहस्थ निघाले. त्यांनी विचारलं, पत्रा घासलेले दिवे असतातच, यात विशेष काय? आडवाच का, उभा का नाही? मी पाठ केलेलं इंग्रजी सुरू केलं. तिसऱ्या वाक्यात अडकलो. आडवाच का, हे मला आजवर नीट माहीत नव्हतं. मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

बायकोने लॅपटॉप स्वतःकडे वळवला. ओट्यावरून परात आणली आणि कॅमेऱ्यासमोर तिरकी धरली. मराठीत चालेल का म्हणाली. ते चालेल म्हणाले. परात गोल गोल घासली की तिच्यात उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा पडतो, आणि एका दिशेने घासली की ओरखड्यांना आडवा पट्टा पडतो, हे तिने दाखवलं. पट्टी लांब आहे, तेव्हा उजेड लांबीत पसरायला हवा, म्हणून घासायचं रुंदीत, म्हणजे आडवं. उभं घासलं असतं तर ठिपके राहिले असते आणि पट्ट्याची कड फुटली असती; मग पोच्यापाशी वाकणार काय? "साहेब, तीस वर्षं भांडी घासतेय, रोज दिसतं," ती म्हणाली. अधिकाऱ्यांनी परात जरा डावीकडे करायला सांगितली. मी पडद्याच्या कडेला होतो. अर्धाच दिसत होतो.

काही महिन्यांनी निर्णय आला. पहिले सात दावे गेले, आठवा राहिला. संशोधक दोन. वरच्या ओळीत ती, खालच्या ओळीत मी. नाव कागदावर आलं एकदाचं. ते वाचताना आनंद झाला असं लिहिलं तर खोटं होईल. अंगाचा तिळपापड झाला, कारण दुसरं नाव, म्हणजे माझं, अगदी बरोबर जागी होतं.

बायको दुसऱ्या पाळीला निघाली होती. तिने दारात उभ्यानेच कागद वाचला, घडी घातली आणि मला परत दिला.

"आमच्या लायनीत अजून सहा टेबलं आहेत. बाकीच्या बायका ट्यूबखालीच बसतात," ती म्हणाली. "त्यांचे दिवे कधी करताय?"

चार वर्षं मी त्या कागदामागे होतो आणि दिवा एकच होता. मी म्हटलं, रविवारी पत्रा आणतो. रागातच म्हटलं.