खाडीपल्याडची शाळा

आमच्या रत्नागिरीकडच्या गावात शाळा चौथीपर्यंत होती आणि मुलींची शाळा त्याच्याही आधी संपायची. मुलगी घागर उचलण्याइतकी झाली की खलास. अब्बा दुबईला लाँचींची इंजिनं दुरुस्त करायचे. त्यांनी लहानपणीच शाळा सोडलेली, अम्मीने तर शाळा बाहेरूनच पाहिलेली. पण मी दुसरीत गेले तेव्हा अम्मीने कुणाकडून तरी पत्र लिहवून घेतलं, की मला आणि पोरांना तिकडे न्या, इथे पोरगी वाया जाईल. अब्बांनी नेलं.

नेलं ते दुबईच्या खाडीच्या एका काठाला, देऱ्याला, खजुराच्या झावळ्यांच्या खोलीत. पंखा नाही, वीज नाही. पाणी गाढवावरून डब्यांतून यायचं, तेही मचूळ. उन्हाळ्यात अम्मी चादर भिजवून दाराला टांगायची, आणि ती सुकायच्या आत आम्हाला झोपून घ्यावं लागायचं. धाकटा भाऊ रडायचा, "आपल्या घरी चला." अम्मी म्हणायची, "घरी शाळा नाही."

इथे होती. हिंदुस्थानी मुलांची शाळा खाडीच्या पल्याड, बर दुबईला. आम्ही कोकणी पोरं रोज अब्र्यात, म्हणजे तिथल्या होडीत बसून जायचो. मोठ्या धक्क्यावर खोकी, बकऱ्या आणि माणसं यांच्यात रेटारेटी करून जागा मिळवायची. शाळेत पोचेपर्यंत प्रार्थना संपलेली असायची. मास्तर रागवायचे, पण मला शाळा आवडायची. मी वर्गात पहिली यायचे, हे इथे सांगून टाकते.

मी चौथीत असताना शाळेत बाकं कमी पडू लागली. शाळा चालवणाऱ्या कमिटीने ठरवलं, की देऱ्याकडे एक घर भाड्याने घेऊन नवी शाळा काढायची. खाडी हीच हद्द. या काठाची मुलं या काठाच्या शाळेत, त्या काठाची त्या. फक्त नवी शाळा चौथीपर्यंतच. पुढचं पुढे बघू.

आमच्या वस्तीत दोन तट पडले. शेजारचे चाचा लाँचीवर भंडारी होते, म्हणजे स्वयंपाकी. ते खूश झाले.

"होडीची कटकट गेली. दाराशी शाळा आली, भाबी, आणखी काय पाहिजे?"

अम्मी मासे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "दाराशी आली आणि दारातच संपली. माझी पोरगी पाचवीला कुठे बसवू, तुमच्या भांड्यात?"

चाचा हसले, पण त्यांची स्वतःची मुलगी तिसरीत होती. संध्याकाळपर्यंत त्यांचाही तट बदलला.

शुक्रवारी शाळेच्या अंगणात पालकांची सभा झाली. कमिटीचे अध्यक्ष कापडाचे व्यापारी, सगळे त्यांना सेठ म्हणत. मी अब्बांच्या मागे उभी होते. सेठ म्हणाले, "भाई, बीच में पानी है. बच्चों को रोज खतरा. ऊपर से रोज लेट आते हैं."

अब्बा उभे राहिले. त्यांचं हिंदी म्हणजे निम्मं कोकणी. "सेठ, पानी है तो क्या हुआ? हमारे गाव में खाडीच्या पल्याड पोरगी देते हैं, बरात होडी में जाती है, मयत भी होडी में जाती है. खाडी हमारे लिए रस्ता है, दीवार नहीं."

"और लेट?"

"आमच्या वस्तीसमोर जुना धक्का आहे, तिथून आमची वेगळी होडी करू. एक दिवस येऊन बघा. घंटेच्या आधी पोरं हजर नसली, तर तुमची हद्द आम्हाला कबूल."

सेठनी लगेच दिवस ठरवला. अम्मीला हे कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "पोरीची शाळा पैजेवर लावून आलात?"

"पैज कसली? हिशेब आहे," अब्बा म्हणाले. जुन्या धक्क्यासमोर पाणी उथळ, होडी भरतीलाच लागणार हे खरं. पण चंद्राच्या तारखेवरून भरतीची वेळ काढायची आमच्याकडे पिढीजात रीत आहे, कोकणातलं शेंबडं पोरही ती बोटांवर काढतं. अब्बांनी काढली, चाचांनी पडताळली. दोघांचं एकच उत्तर आलं: शाळेच्या वेळेला पाणी काठोकाठ.

"समुद्र तुमचा नोकर आहे का?" अम्मी म्हणाली, आणि ठरल्या दिवशी तिने सगळ्या वस्तीतल्या पोरांना पहाटे फजरच्या अजानलाच उठवून तयार केलं.

धक्क्यावर गेलो तर पाणी नव्हतं. होता नुसता चिखल, काळा, चकचकीत, आणि त्यात पळणारे खेकडे. होडी दूर पाण्यात उभी आणि नाखवा तिथून ओरडतोय, "यल्ला! यल्ला!" म्हणजे चला, चला. रत्नागिरीचा हिशेब रत्नागिरीच्याच पाण्याला लागू होता. दुबईच्या खाडीचं घड्याळ वेगळं, हे आमच्या दोन्ही जाणत्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

अब्बा पुन्हा बोटांवर मोजू लागले. मी दप्तर घट्ट धरून उभी होते. आता हद्द पक्की, चौथीनंतर घागर, एवढंच मला कळत होतं.

"बघत काय राहिलात? लुंग्या वर घ्या!" अम्मी ओरडली.

बापांनी लुंग्या खोचल्या, लहान पोरं खांद्यावर घेतली आणि शिरले चिखलात. चाचा मांडीपर्यंत रुतले. "हबीबी, खेच!" म्हणून ते नाखव्याला हाका मारत होते आणि तो पोट धरून हसत होता. आम्ही मोठ्या मुली आपल्या पायांनी गेलो. माझी एक चप्पल चिखलाने ठेवून घेतली ती कायमची.

शाळेच्या फाटकात सेठ उभे होते. घंटा झाली नव्हती. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग आमच्या मागे काळ्या पायांनी उभ्या असलेल्या बापांकडे पाहिलं.

"ये बच्चे लाए हो या केकड़े?"

सगळे हसले. अब्बाही हसले. पण मग सरळ म्हणाले, "सेठ, पोचलो वेळेवर, पण एक गोष्ट तुमची खरी. हे छोटे आज माझ्या खांद्यावर थरथरत होते. बारक्यांना आमच्याच काठावर ठेवा, नवी शाळा काढा. पण चौथी झालेल्याला पाणी आडवं घालू नका. मुलगा असो, मुलगी असो."

सेठनी कमिटीतल्या दोघांना बाजूला घेतलं. गुजरातीत बरीच कुजबुज झाली. तेवढ्यात घंटा झाली, आणि मी तशाच पायांनी वर्गात जाऊन बसले. मास्तरांनी फरशीकडे पाहिलं आणि हजेरी सुरू केली.

पुढच्या शुक्रवारी ठरलं: चौथीपर्यंत ज्याच्या त्याच्या काठावर, पाचवीपासून दोन्ही काठांची मुलं पल्याडच्या शाळेत. धाकटा भाऊ नव्या शाळेत गेला, घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि तरीही उशिरा पोचायचा. अब्बा तेव्हापासून पाण्याची वेळ त्या नाखव्यालाच विचारायचे. चाचा मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले, की हिशेब बरोबर होता, खाडीच चुकली.

मी पल्याडच्या शाळेत पाचवीला बसले. तिथूनच मॅट्रिक झाले, मग मुंबईला कॉलेजात जाऊन बी.ए. झाले. अब्बांच्या आणि अम्मीच्या, दोन्ही घराण्यांत कॉलेजची पदवी घेतलेली पहिली मी.