घमेल्यात उरलेला तुकडा

हरिश्चंद्राने एका कंपनीच्या स्टोअरमध्ये आयुष्यभर सुटे भाग सांभाळले आणि निवृत्त झाल्यावर तेच काम घरच्या अंगणात, बिनपगारी, सुरू केलं. राई गावातल्या त्या अंगणात वडिलांची जुनी पिकअप उभी होती. मिठागरावरचं मीठ वाहून वाहून तिच्या पत्र्याची चाळण झाली होती. हरिश्चंद्राने तिचा स्क्रू न् स्क्रू सोडवला, प्रत्येकाला सुतळीने चिठ्ठी बांधली आणि आता सगळं परत जोडत आणलं होतं. कंबरेने केव्हाच राजीनामा दिला होता. आणि घमेल्यातल्या रॉकेलच्या तळाशी एक तुकडा उरला होता. तळहातावर मावणारा, गोल, काळाकुट्ट, बिनचिठ्ठीचा.

"उरलाय तर उरू दे," त्याची बायको उर्मिला म्हणाली. "अवो, रविवारी मांडववाला येतोय. आपल्या कृतिकाची हळद काय गाडीच्या टपावर करायची? गाडी आपल्या पायाने बाहेर गेली तर ठीक, न्हायतर भंगारवाल्याला सांगून ठेवलंय मी."

"एक नग जरी उरला ना, तरी चावी लावायची नाही," हरिश्चंद्र म्हणाला. "कुठेतरी काहीतरी कमी आहे असा त्याचा अर्थ."

तो तुकडा रुमालात बांधून तो नया नगरातल्या गॅरेजांत गेला. पहिला मेकॅनिक म्हणाला, "चचा, ये क्लच का है." शेजारच्या गाळ्यातला म्हणाला, "क्लच का? किसने बोला? ये तो वॉटर पंप का ढक्कन है." तिसऱ्याने तुकडा उलटा केला, ठोकला, हुंगला आणि चहा मागवला. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "ये इस गाड़ी का हैइच नहीं."

घरी लेकीने फोटो काढून फोनला विचारलं. फोन म्हणाला, जळका खाकरा.

शनिवारी संध्याकाळी आणखी दोन गॅरेजं पालथी घालून हरिश्चंद्र परत आला. तुकडा स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला आणि जमिनीवरच बसला.

"बोलाव तुझ्या भंगारवाल्याला. दमलो मी."

उर्मिलेची भांडायची सगळी तयारी या शरणागतीने वाया गेली. राग कुठेतरी काढायला हवा, म्हणून तिने ओटा काळा करणारी ती वस्तू उचलली आणि चिंच-मीठ लावून घासायला घेतली. बराच वेळ खसाखस चालली होती. मग एकदम थांबली.

"अवो, ही तर माझी चकती हाय!"

"कसली चकती?"

"शेवेची! सोऱ्याची!"

तिने ती दिव्यासमोर धरली. लख्ख पितळ, आणि बारीक भोकाभोकांतून उजेड.

"लग्नानंतरची माझी पहिली दिवाळी. पीठ मळलेलं, तेल तापलेलं, आणि चकती गायब. सासूबाई म्हणाल्या, नवीन सून आली नि घरातली वस्तू गेली. त्या जाईपर्यंत दर दिवाळीला हेच ऐकलं मी. आन तुमचे वडील समोर बसून शेजारणीची शेव खात होते! गप!"

हरिश्चंद्र कण्हत उठला, चकती घेऊन अंगणात गेला आणि डिझेलच्या टाकीच्या तोंडात ती बसवून पाहिली. चपखल बसली. मिठाच्या गाडीत लोखंडी गाळणी किती टिकणार? बाबांनी न गंजणारं पितळ शोधलं, आणि ते सापडलं स्वयंपाकघरात.

"डोकं बघ काय होतं बाबांचं!" तो आत येऊन म्हणाला.

"द्या ती इकडे."

"अगं, गाडी..."

"गाडीला नवीन आणा. ही माझी हाय."

दुखरी कंबर धरून तो पुन्हा बाहेर पडला. भांड्यांच्या दुकानातल्या शेठने विचारलं, "काका, सेव बारीक जोइए के जाडी?"

हरिश्चंद्राच्या अंगात खोटं बोलण्याइतकाही जोर उरला नव्हता. "डिझेल गाळायचंय," तो म्हणाला. शेठने बारीक काढून दिली.

रविवारी सकाळी पिकअप खोकली, थुंकली आणि खरोखरच आपल्या पायाने अंगणाबाहेर गेली. पार रस्त्यापलीकडच्या चिंचेखाली जाऊन उभी राहिली. मांडववाल्याने बांबू टाकले. हरिश्चंद्र घरी येऊन पायरीवर बसला तो उठेचना.

आत उर्मिला लग्नाच्या फराळाची शेव पाडत होती. पहिला घाणा तिने सासूच्या फोटोपुढे ठेवला. शेजारीच सासऱ्यांचा फोटो होता. त्यांच्यापुढे काही ठेवलं नाही.