आबांच्या चांदण्या

वाळल्या गवताचा वास आला की मला औंधजवळचा माळ आठवतो. मी तेव्हा रात्रीचे फोटो काढायला शिकत होते. फौजेतून निवृत्त झालेले वडील सोबतीला आले होते; रातांधळेपणामुळे कित्येक वर्षांत त्यांना चांदणी दिसली नव्हती. आधीचे माझे सगळे फोटो काळेच आले. मग कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवून शटर बराच वेळ उघडं ठेवलं, आणि पडद्यावर अख्खी आकाशगंगा उमटली. मी कॅमेरा काढून त्यांच्या डोळ्यांजवळ धरला. "आवं आबा, दिसतंय का?" ते हळूच म्हणाले, "एवढ्या हायत व्हय गं अजून?" आणि मान वर करून त्यांच्या अंधाराकडे बघत राहिले. आता हात बसलाय, तरी पडदा उजळण्याआधी माझा श्वास अडकतोच.