ईश्वरीला घाम येत नाही

टक्. स्टीलच्या चमच्याचा एवढाच आवाज. बरीच वर्षं झाली, पण मला अजून ऐकू येतो.

आमच्या टेंभुर्णीत बाळाला दात आला की नाही ते चमच्यावर कळतं. दूध पाजताना चमचा वाजला, की दात आला. माझ्या नातीचा, ईश्वरीचा चमचा ती अडीच वर्षांची झाली तरी वाजेना. वाजला त्या दिवशी तिची आजी, म्हणजे आमची कौसा, चमचा हातात धरूनच गल्लीभर फिरली. एकीनं विचारलं, कितवा दात? कौसा म्हणाली, "पह्यलाच! पर असा टोकदार हाय, दोनाच्या बराबर!"

माझं स्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. शाळा चौथीपर्यंत. हात कामात असतात, गिऱ्हाईक थांबलेलं असतं. मी ईश्वरीचं एक सांगतो, ऐकणारा म्हणतो अजून एक सांगा. पंक्चरच्या डब्यात रबराचे तुकडे साठावेत तसे हे किस्से साठत गेले. टाकून द्यावा असा एकही नाही.

*

दर उन्हाळ्यात ती तापायची. आम्ही तिला गोधडीत गुंडाळायचो. ताप वाढायचा. मग आम्ही दुसरी गोधडी आणायचो!

शेवटी जालन्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी आधी गोधडी काढली, पोर ओल्या फडक्यानं पुसून घेतली आणि माझ्या सुनेला, सुनंदाला विचारलं, "हिला घाम येतो का?"

मी, कौसा, मुलगा, सून, चौघं एकमेकांकडे बघू लागलो. चौघंही घामानं निथळत होतो. सुनेच्या मांडीवरची पोर कोरडी ठणठणीत. तीन वर्षं हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, घाम यायची सोयच हिच्या अंगात नाही. दात उशिरा, केस विरळ, सगळं त्यातलंच. हिचं अंग आपोआप निवत नाही, ते तुम्ही पाण्यानं निववायचं. हा आजार रक्तातून येतो. आईबाप दोघं तो घेऊन फिरतात, त्यांना स्वतःला काही होत नाही. मग त्यांनी विचारलं, नवराबायको नात्यातले आहेत का?

मी ताठ बसून सांगितलं, "म्हंजे काय! सून माझ्या सख्ख्या मेहुण्याची पोरगी हाय. सोयरीक म्याच जुळवली."

बाईंनी पेन खाली ठेवला.

*

पंक्चर शोधायला मी एक ड्रम अर्धा कापून ठेवलाय, पाण्यानं भरलेला. तेव्हापासून उन्हाळाभर तो ईश्वरीकडे असतो. शाळा नसली की बाराला ती आत बसते, चारला निघते.

एकदा पोस्टमन घाईत ट्यूब घेऊन आला. मी म्हटलं, थोडं थांबा, ड्रम रिकामा नाही. तो चिडायच्या बेतात होता. तेवढ्यात ईश्वरीनं हात पुढं करून ट्यूब मागितली, मांडीवर घेतली, पाण्यात दाबली आणि बुडबुड्यावर बोट ठेवलं.

"आबा, हितं हाय."

पाच वर्षांची होती तेव्हा.

*

त्याच उन्हाळ्यात मी चाक बसवत होतो. तिनं माझ्या कपाळाला बोट लावलं. ओलं झालेलं बोट निरखून बघितलं. मग मानेला लावलं, पाठीला लावलं. आणि घाबरून कौसाला हाक मारली, "आजी, जल्दी ये! आबा समद्या अंगानं लीक हायेत!"

साठ-पासष्ट वर्षं मी घाम नुसता पुसत आलो. इतक्या बारीक भोकांतून, न सांगता, न मागता, अंग आपलं आपण निवतं, ह्याचं नवल मला त्या दिवशी वाटलं. चाक तसंच राहिलं. मी किती तरी वेळ माझ्याच मनगटाकडे बघत बसलो.

*

शाळेत घातली तेव्हा गुरुजी भ्यायले होते, पोर वर्गात तापली तर! म्हणून सुनंदा पाण्याची बाटली घेऊन आठवडाभर वर्गाबाहेर बसली. पुढच्या सोमवारी वर्गातल्या पोरींनीच तिला घरी पाठवलं. त्यांनी आपसात नंबर लावले होते. ज्या दिवशी जिचा नंबर, तिनं ईश्वरीला भिजवायचं.

एक दिवस भर दुपारी एक पोरगी दुकानासमोरून चाललेली दिसली. डोक्याला रुमाल, डोळे लाल. ताप होता म्हणून शाळा बुडवली होती. मंग आता कुठं चाललीस, मी विचारलं.

"आज माझा नंबर हाय," म्हणाली. गेली, भिजवून आली आणि घरी जाऊन झोपली.

*

हा यंदाचाच. माझे मेहुणे, म्हणजे सुनंदाचे वडील, ईश्वरीचे नाना, पिंपळगाव रेणुकाईहून आले. सुनंदाच्या धाकट्या बहिणीसाठी आमचा धाकटा मुलगा संतोष मागायला. सुपारी सोबतच आणली होती. सुपारी फोडली की सोयरीक पक्की. त्यांनी ती ताटलीत ठेवून माझ्यापुढं सरकवली.

"दाजी, घरातली पोरगी घरात. फोडा."

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, ह्याच दोन घरांत पुन्हा लग्न झालं तर पुन्हा असं मूल होऊ शकतं. होईलच असं नाही, पण होऊ शकतं. मेहुण्यांनाही ते ठाऊक होतं. म्हणाले, "एक झाली म्हून समदीच होत्यात का?"

नाही म्हणायचं तर का, ते सांगावं लागणार. आणि ईश्वरी समोरच ओला टॉवेल पांघरून भिंतीला टेकलेली. तुझ्यासारखी आणखी नको, हे तिच्यादेखत कसं बोलू? कौसाला भाऊ दुखवायचा नव्हता. संतोष नख कुरतडत होता. सुनंदानं एकदा माझ्याकडं पाहिलं, मग जमिनीकडं. ताटली तशीच पडून.

ईश्वरी उठली. नऊ वर्षांची पोर. तिनं ताटलीतली सुपारी उचलली, नानांच्या सदऱ्याच्या खिशात टाकली, खिशाचं बटन लावलं, नीट लागलं का ते हातानं चाचपलं. मग टॉवेल सावरत मागच्या दारानं निघून गेली.